ग्रे किचनला मॅचिंग काय केलंत? फसलेलं, जमलेलं सगळं सांगा

ओटा_आणि_मी:
आज लिफ्टशी उभी होते, तर वरच्या मजल्यावर कोणाची तरी किचनची शटरं चालली होती. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, एका कोपऱ्यात प्लास्टिक फाटलेलं, तिथून रंग दिसला आणि पोटात गोळाच आला. हाच. हाच तो ग्रे!

२०१९ ला आमचं किचन केलं तेव्हाची गोष्ट. दुकानात पिवळे फोकस लावलेले, त्याखाली तो लॅमिनेटचा तुकडा असा छान ओल्या वाळूसारखा दिसत होता, मी लगेच फायनल केला, वर हुशारी करून त्याला मॅचिंग म्हणून क्रीम टाइल्सची सात खोकी पण उचलली. आमचं किचन डक्टला उघडणारं. खिडकीतून येतो तो उजेड समोरच्यांच्या पाइपांवर आपटून येतो, आणि वर साडेसहा हजार केल्विनची पांढरीफटक ट्यूब. ट्रॉल्या बसल्या, ट्यूब लावली आणि सगळं निळं. निळं पण नाही, जांभळट. त्याच्या बाजूला क्रीम टाइल्स म्हणजे कोणीतरी चहा सांडून नीट पुसला नाही अशा. सासूबाई दारातच थांबल्या, म्हणाल्या, "अगं, लोखंडी कपाटात उभं राहून पोळ्या लाटतेयस असं वाटतंय."

शेवटी चार हजार केल्विनचं, म्हणजे जरा पिवळसर उजेडाचं बॅटन लावलं तेव्हा निम्मं दुखणं गेलं. उरलेलं निम्मं रोज बघते. तुमचं सांगा, म्हणजे मला बरं वाटेल 😄

मुलुंडकर_बाबा:
लोखंडी कपाट 😂😂 सासूबाईंना नमस्कार सांगा

रंगारी_नाही_मी:
इंटिरिअरच्या कामात आहे म्हणून सांगते, हे दर चौथ्या घरी होतं. ग्रे कधीच नुसता ग्रे नसतो, आत निळा, हिरवा, जांभळा नाहीतर मातकट काहीतरी लपलेलं असतं. तुकडा पांढऱ्या ए-फोर कागदावर ठेवा, लगेच चोर बाहेर येतो. आणि दुकानात टेबलावर आडवा ठेवून बघू नका हो, शटर काय झोपलेलं असतं का? उभा धरा, घरी न्या, सकाळी बघा, रात्री स्वतःच्या ट्यूबखाली बघा. दुकानदार तुकडा देत नसेल तर डिपॉझिट ठेवून आणा, पण आणा. निळसर ग्रेला पांढरं शुभ्र चालतं, क्रीम नाही. क्रीम, बेज, लाकडी हे सगळं मातकट ग्रेच्या घरातलं.

ओटा_आणि_मी:
@रंगारी_नाही_मी तुम्ही २०१९ ला कुठे होतात

आठ_बाय_सहा:
आमचं डार्क चारकोल, मॅट. फोटोत एक नंबर. प्रत्यक्षात भाकरी करताना ट्रॉली उघडली की पाच बोटांचे पांढरे ठसे, घरात चोरी झाली तर पोलिसांना काही कामच नाही. त्यात हँडल नको म्हणून प्रोफाइल केली (शटरच्या कडेला बोटं घालून ओढायची खाच), त्या खाचेत पीठ, जिरं, मोहरी सगळं साठतं, दर रविवारी जुना टूथब्रश घेऊन बसतो. वर काळा ग्रॅनाइट. आठ बाय सहाच्या किचनमध्ये काळ्यावर काळं, बायको म्हणते गुहेत फोडणी देतेय. मग डॅडो (ओट्यामागच्या भिंतीच्या टाइल्स) फोडून पांढऱ्या ग्लॉसी टाइल्स लावल्या तेव्हा कुठे कढईत काय चाललंय ते दिसायला लागलं

फोडणीवाली:
माझं लाइट ग्रे + पांढरा क्वार्ट्झ. सुंदर. सुंदर म्हणजे गणपतीपर्यंत. हळदीची पानं, ओली हळद, सगळं ओट्यावर पसरलेलं आणि मी मोदकांत गुंतलेले, संध्याकाळी बघते तर भला मोठा पिवळा नकाशा. घासून घासून हात गेले. मग चार दिवस खिडकीतून ऊन तिथेच पडत होतं तर डाग आपोआप फिका होत गेला, हळद उन्हाला टिकत नाही ना, आपल्या साड्यांवरची कशी जाते तसंच. ज्यांच्याकडे ऊन येत नाही त्यांनी पांढऱ्याचा नाद करू नये. आणि गरम कुकर डायरेक्ट ठेवू नका, क्वार्ट्झमध्ये रेझिन असतं, ग्रॅनाइटसारखं सोसत नाही. हे मला कुकर ठेवल्यावर कळलं.

मुलुंडकर_बाबा:
मोदक किती केलेत ते सांगा आधी

फोडणीवाली:
एकावन्न. त्यातले नऊ फुटले

दुपारची_झोप:
आमच्याकडे गिरगावात चाळीत काळा कडप्पा, पांढऱ्या सहा इंची टाइल्स, स्टो, बास. कोणी काही मॅच केलं नव्हतं. आजी रोज रात्री ओटा धुवून त्यावर थोडं खोबरेल फिरवायची, दिव्यात असा चमकायचा की काय सांगू. आता माझ्या फ्लॅटमध्ये ग्रे ट्रॉल्या आहेत आणि मी खूप दिवस विचार करत होते की याला पिवळा शोभेल का, टील शोभेल का, मस्टर्डच्या भिंतीचा पॅच पण मारून बघितला, ग्रेच्या शेजारी ती भिंत आजारी वाटायला लागली. मग एक दिवस आईने आजीचे पितळी डबे पाठवले, चिंचेने घासलेले, उतरंडीसारखे वरच्या उघड्या फळीवर ठेवले. झालं. भिंत पांढरीच ठेवली.

आठ_बाय_सहा:
पितळ घासतं कोण पण

दुपारची_झोप:
नवरा. लिंबू मीठ घेऊन. बातम्या बघत घासतो

वर्सोव्याची_हवा:
समुद्राजवळ राहणारे ऐका. ग्रेवर चकचकीत क्रोमची हँडलं मस्त दिसतात म्हणून लावली, दुसऱ्या पावसाळ्यात त्यावर पुरळ आल्यासारखे ठिपके. आता ३०४ ग्रेडचं ब्रश केलेलं स्टील लावलंय, ग्रेच्या जवळचं वाटतं आणि बोटं पण दिसत नाहीत. आणि रंगाच्या नादात सिंकखालचं प्लाय विसरू नका, आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का बघूनच घ्या. आमच्या शेजाऱ्यांचा इंपोर्टेड ग्रे बाहेरून तसाच आहे, आतून खालची फळी बिस्किट चहात बुडवल्यासारखी

आठ_बाय_सहा:
हँडलं कुठून घेतलीत

वर्सोव्याची_हवा:
मुंबईत नागदेवी स्ट्रीटला. लाइट हवे असतील तर तिथून लोहार चाळ चालत. शनिवारी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते, आणि रविवारी तर जाऊच नका, बरीचशी दुकानं बंद, मी तसाच परत आलोय

रंगारी_नाही_मी:
ग्राउटचं, म्हणजे टाइल्समधल्या फटीत भरतात त्याचं, कोणीच बोललं नाही. पांढऱ्या टाइल्सना पांढरं ग्राउट भरलं की शेगडीमागे सहा महिन्यांत पिवळं होणार म्हणजे होणार. ट्रॉलीपेक्षा एक शेड फिका ग्रे भरा, इपॉक्सी. मिस्त्री कटकट करेल कारण ते पटकन सुकतं आणि लगेच पुसावं लागतं, करू दे कटकट.

ओटा_आणि_मी:
अहो आत्ता वर जाऊन आले, राहवेना. नवीन जोडपं आहे. त्यांना म्हटलं टाइल्स घेतल्यात का? तर म्हणे हो काकू, क्रीम.

मुलुंडकर_बाबा:
🙏🙏

फोडणीवाली:
परत घेतात बरेच दुकानदार, खोकी फोडली नसतील तर. सांगा त्यांना पटकन

ओटा_आणि_मी:
सांगितलं. एक खोकं फोडलंय. बाकीची उद्या विचारणार आहेत. मला म्हणाली काकू तुमचं किचन बघू का, म्हटलं ये, ट्यूब लावून दाखवते

आठ_बाय_सहा:
विषय निघालाच आहे तर कोणाकडे चांगला सुतार आहे का? आमच्या कॉर्नर ट्रॉलीचं चॅनल अडकतंय

वर्सोव्याची_हवा:
आहे, पण होळीला गावी गेलाय

आठ_बाय_सहा:
होळी होऊन महिना झाला

वर्सोव्याची_हवा:
तेच तर