संस्थेचे डोमेन दुसऱ्याच्या खात्यातून स्वतःकडे घ्यायचे आहे. ईमेल बंद न पडता ते कसे करावे?

प्रश्न

नमस्कार. मी एका स्वयंसेवी संस्थेचा कार्यवाह आहे. काही वर्षांपूर्वी ज्या व्यावसायिकाने आमचे संकेतस्थळ उभारून दिले, त्यानेच आमचे डॉट ऑर्ग डोमेन स्वतःच्या खात्यातून नोंदवले, आणि तेव्हापासून नूतनीकरणही आमच्याकडून पैसे घेऊन तोच करत आला. आता तो हा व्यवसाय बंद करत आहे. त्याच्याशी आमचे संबंध चांगले आहेत व डोमेन सोपवायला तो तयार आहे. परंतु नेमके काय सोपवून घ्यायचे, हे आमच्यापैकी कोणालाच स्पष्ट नाही. डोमेनची मुदत सुमारे दोन महिन्यांत संपते. संस्थेची सर्व ईमेल खाती याच डोमेनवर आहेत आणि सभासद व देणगीदार यांच्याशी होणारा सगळा पत्रव्यवहार त्यांवरूनच चालतो, म्हणून ईमेल एक दिवसही बंद राहणे आम्हाला परवडणार नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

सर्वप्रथम एक गोष्ट तपासा: नोंदणीधारक म्हणून सध्या कोणाचे नाव लागले आहे? डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते वापरण्याचा हक्क ठरावीक मुदतीसाठी, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी, नोंदवला जातो आणि तो हक्क ज्याच्या नावावर नोंद आहे त्याचा असतो. पैसे कोणी भरले, संकेतस्थळ कोणाचे आहे, यावरून तो आपोआप ठरत नाही. डॉट ऑर्गची मूळ नोंदवही पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री ही संस्था सांभाळते, आपण ज्या कंपनीकडे पैसे भरतो ती रजिस्ट्रार असते, आणि या दोघांनाही आयकॅन या डोमेन-नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेचे नियम लागू असतात. आयकॅनच्या शोधपानावर डोमेन टाकल्यास रजिस्ट्रार कोण, मुदत कधी संपते आणि हस्तांतरणाचे कुलूप (डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जाऊ न देणारी खूण) लागलेले आहे का, हे कोणालाही पाहता येते. नोंदणीधारकाचे नाव मात्र गोपनीयतेमुळे बहुधा झाकलेले असते, त्यामुळे त्या व्यावसायिकाकडूनच खात्यातील संपर्क-तपशिलाच्या पानाचे चित्र मागवून घ्या.

पुढे दोन मार्ग आहेत. त्याच रजिस्ट्रारकडे संस्थेचे नवे खाते उघडून डोमेन एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकवून घेता येते, किंवा रजिस्ट्रारच बदलता येतो. सध्याच्या रजिस्ट्रारबद्दल काही तक्रार नसेल तर पहिलाच मार्ग घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे. तो लवकर उरकतो, आणि नेमसर्व्हर (आपले संकेतस्थळ व ईमेल कोणत्या सर्व्हरवर आहे हे जगाला सांगणारे सर्व्हर) सहसा जसेच्या तसे राहत असल्यामुळे ईमेललाही धक्का लागत नाही.

रजिस्ट्रार बदलायचाच असेल, तर क्रमाकडे लक्ष द्या. नोंदणीधारकाचे नाव, संस्था किंवा ईमेल पत्ता बदलला की त्या बदलाला जुन्या व नव्या अशा दोन्ही बाजूंची संमती लागते आणि त्यानंतर दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जाण्यास ६० दिवसांची बंदी लागू होऊ शकते. काही रजिस्ट्रार ही बंदी आधीच नाकारण्याची सोय देतात, सगळे देत नाहीत. आपल्या हाती दोनच महिने असल्यामुळे आधी हस्तांतरण आणि मग नावात बदल, हाच क्रम ठेवा.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. ईमेलविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण घोटाळा बहुधा तिथेच होतो.

डोमेनची नोंदणी, डीएनएस (नेमसर्व्हरवरच्या नोंदींमधून डोमेनच्या नावावरून योग्य सर्व्हर शोधून देणारी व्यवस्था) आणि होस्टिंग (संकेतस्थळ प्रत्यक्ष ठेवण्याची जागा) ही तीन वेगळी कामे आहेत. ती एकाच कंपनीकडे असली तरी वेगळीच राहतात. रजिस्ट्रार बदलल्याने ईमेल बंद पडत नाही. जुन्या रजिस्ट्रारचेच नेमसर्व्हर वापरात असतील आणि डोमेन गेल्यावर त्याने ते बंद केले, तर मात्र ईमेल बंद पडते. अशा वेळी मुख्य पान बंद पडलेले कोणाच्याही लगेच लक्षात येते, पण ईमेल येणे थांबले आहे हे कळायला वेळ लागतो, कारण न आलेले पत्र दिसत नाही.

म्हणून हालचाल करण्यापूर्वी डीएनएसच्या सर्व नोंदींची संपूर्ण प्रत उतरवून घ्या. संकेतस्थळाचा सर्व्हर दाखवणाऱ्या ए आणि सीनेम नोंदी सगळेच घेतात. टपाल कोणत्या सर्व्हरवर पोहोचवायचे ते सांगणारी एमएक्स नोंद आणि पत्र खरोखर आपल्याच डोमेनवरून आले आहे हे पटवणाऱ्या, टीएक्सटी (मजकूर) स्वरूपातील एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या नोंदी राहून जातात. एमएक्स राहिली तर येणारी पत्रे पोहोचत नाहीत; बाकीच्या तीन राहिल्या तर आपली पत्रे जातात, पण समोरच्याच्या स्पॅममध्ये पडू शकतात. डीकेआयएमची नोंद एका लांबलचक उपनावाखाली असते आणि ते उपनाव माहीत नसेल तर बाहेरून शोधून ती सापडत नाही, त्यामुळे ही यादी व्यावसायिकाच्या खात्यातूनच काढून घ्यायला हवी.

नव्या नेमसर्व्हरवर सगळ्या नोंदी आधी भरा, त्या तपासा आणि त्यानंतरच नेमसर्व्हर बदला. बदलानंतर किमान दोन दिवस जुन्या ठिकाणच्या नोंदी काढू नका, कारण जगभरातील सर्व्हर जुने उत्तर काही काळ साठवून ठेवतात. डीएनएसेक (डीएनएसची उत्तरे खरी आहेत हे डिजिटल सह्यांनी पटवणारी सोय) चालू असेल तर अधिक जपायला हवे: नोंदवहीतील जुनी डीएस नोंद (या सह्या ज्यावरून पडताळतात ती) तशीच ठेवून नेमसर्व्हर बदलले, तर सह्या जुळत नाहीत आणि सह्या तपासणाऱ्या सेवा आपले डोमेन अस्तित्वातच नसल्यासारखे वागतात. अशा वेळी संकेतस्थळ काहींना दिसते, काहींना दिसत नाही, आणि दोष शोधताना माणूस हैराण होतो. डीएस नोंद आधी काढा, एक-दोन दिवस जाऊ द्या आणि मग पुढे जा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. नेमसर्व्हर सध्याच्या रजिस्ट्रारचेच आहेत, होस्टिंग व ईमेल दुसरीकडे आहे. एक शंका उरते: आधी नूतनीकरण करून मग डोमेन हलवावे, की हस्तांतरण आधी करावे? आधी नूतनीकरण केल्यास ते पैसे वाया जातील का?

तिसरे उत्तर

मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण केले असेल तर वर्ष वाया जात नाही. डॉट ऑर्गचे हस्तांतरण झाले की मुदतीत आणखी एक वर्ष मिळते आणि आधीची शिल्लक मुदतही कायम राहते, फक्त एकूण मुदत १० वर्षांपलीकडे जात नाही. पैसे अडकतात ते मुदत संपल्यानंतर नूतनीकरण करून पुढच्या ४५ दिवसांत डोमेन हलवले तर; तेव्हा ते वाढलेले वर्ष रद्द होऊ शकते आणि जुन्या रजिस्ट्रारकडून पैसे परत मिळवणे आपल्यावर येते. आपल्या परिस्थितीत मी आजच एका वर्षाचे नूतनीकरण करून टाकले असते, म्हणजे तारखेचा धाक उरत नाही.

मुदत संपल्यावर काय होते तेही लक्षात असू द्या. मुदत संपली म्हणून डोमेन लगेच दुसऱ्याच्या हाती जाईलच असे नाही, पण संकेतस्थळ व ईमेल पहिल्या काही दिवसांतच थांबू शकतात. रजिस्ट्रारला ४५ दिवसांपर्यंत सवलतीचा काळ असतो, मात्र तो सगळा ग्राहकाला देण्याचे बंधन त्याच्यावर नसते. रजिस्ट्रारने नोंद काढून टाकली की ३० दिवसांचा पुनर्प्राप्तीचा काळ सुरू होतो. त्यात डोमेन परत मिळते, पण नेहमीच्या शुल्काच्या कितीतरी पट रक्कम भरून. त्यानंतर ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही आणि मग डोमेन सर्वांसाठी खुले होते. अशा नावांवर नजर ठेवणाऱ्या स्वयंचलित यंत्रणा असतात. जुने आणि चांगली ओळख असलेले नाव त्यांच्या हातून सुटत नाही.

हस्तांतरणाची कृती सोपी आहे. सध्याच्या खात्यातून कुलूप काढायचे, हस्तांतरणाचा गुप्त संकेतांक घ्यायचा आणि तो नव्या रजिस्ट्रारकडे भरायचा. जुन्या रजिस्ट्रारने स्वतःहून मंजुरी दिली नाही तरी साधारण ५ दिवसांत काम पूर्ण होते. हा संकेतांक ज्याच्या हाती पडेल तो डोमेन घेऊन जाऊ शकतो, म्हणून तो गटसंदेशात कोणीही टाकू नये.

पहिले उत्तर देणाऱ्याकडून पुरवणी

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. नोंदणीधारकाच्या संपर्कासाठी याच डोमेनवरचा ईमेल पत्ता देऊ नका. डोमेन थांबले की तो पत्ताही थांबतो, आणि ते सुरू करण्यासाठी लागणारी सूचना त्याच पत्त्यावर येत राहते. वेगळ्या सेवेवर संस्थेच्या नावाने एक खाते काढा, त्याला दुहेरी पडताळणी लावा आणि त्याचा ताबा किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा.

दुसरे असे की, हस्तांतरण किंवा नावातील बदल झाल्यावर त्या पत्त्यावर पडताळणीचा दुवा येऊ शकतो. १५ दिवसांत तो उघडून पुष्टी केली नाही तर रजिस्ट्रार डोमेन स्थगित करू शकतो. नूतनीकरण झालेले, सगळ्या नोंदी बरोबर असलेले डोमेन केवळ एवढ्या कारणाने बंद पडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, म्हणून त्या काळात स्पॅमचा कप्पा रोज उघडून पाहा. नोंदणीधारकाच्या रकान्यात संस्थेचे नाव लागले आहे याची स्वतः खात्री करून घ्या, कुलूप पुन्हा लावा, आणि व्यावसायिकाकडून डोमेन संस्थेकडे सोपवल्याचे एक साधे पत्र तारीख व सहीसह घेऊन संस्थेच्या दप्तरी ठेवा.