पहिलं घर बघायला जावं का? (सोलापूर, विजापूर रोड)

चाटीगल्लीवाला:
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. आम्ही दोघं आता पुण्यात मुलाकडं असतो, यंदा बऱ्याच वर्षांनी गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, सोलापूरला जायचं ठरलंय. भोगीला अक्षता सोहळा बघायचा, आणि मग हिचं म्हणणं की विजापूर रोडचं आपलं घर बघून यायचं. आपलं कसलं, 2004 लाच विकलंय. लग्न 1989 चं, घर 1992 ला बांधलं, दोन खोल्या अन् स्वयंपाकघर, चारी बाजूला ज्वारीची रानं होती तेव्हा. मी पॉवरलूमच्या कारखान्यात हिशोब लिहायचो म्हणजे पैसे किती असतील बघा, हिच्या पाटल्या मोडल्या तेव्हा कुठं स्लॅब पडला.

हिला बघायचाय तो ओटा. ही चार फूट दहा इंच. गवंड्यानं हिला भिंतीला उभं केलं, म्हणाला वैनी कोपरातनं हात वाकवा, आणि विटेच्या तुकड्यानं तिथं रेघ मारली. त्या रेघेखाली चार बोटं सोडून कडाप्पा बसवला. त्यानंतर दोन भाड्याची घरं झाली, आता मुलाचा फ्लॅट, सगळीकडं ही टाचा उचलूनच पोळ्या लाटते.

माझी अडचण वेगळीच आहे. पाया खणताना बाकी सगळीकडं चार फुटावर घट्ट मुरूम लागला, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात साडेपाच फूट गेलो तरी काळीच माती. पैसे संपत आलेले. मी म्हणालो भरा इथनंच. पुढच्याच मे महिन्यात खिडकीच्या कोपऱ्यापासनं तिरकी भेग. आणि सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला, 30 तारखेला पहाटे, आम्ही सगळे विसर्जनाच्या मिरवणुकीनं दमून झोपलेलो. सकाळी गल्लीत जो तो आपापल्या भिंती बघत होता, कुणीतरी आमची भेग बघितली अन् म्हणाला भूकंपानं गेली वाटतं, आणि मी हो म्हणालो. तेव्हापासनं ती किल्लारीची भेग. घर विकताना भेगेत लांबी (पुट्टी) भरून चुना मारला अन् वर कॅलेंडर लावलं. घेणाऱ्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही.

आता त्या माणसाच्या दारात कुठल्या तोंडानं उभं राहू?

शेंगाचटणी:
काका जा, पण असंच जाऊन बेल नका वाजवू. शेजारचं कुणी ओळखीचं असेल तर आधी निरोप द्या, आणि दुपारी दोन ते चार बिलकुल नको, सोलापूर झोपलेलं असतं. पाव किलो चटणी, थोडी कडक भाकरी न्या, रिकाम्या हातानं दारात गेलं की विमा विकणारे वाटतो. आणि काकूंना आतल्या आत फिरून हे का तोडलं ते का तोडलं असं म्हणायचं नाही हे आधीच बजावा. माझ्या आईनं आमच्या जुन्या घरात जाऊन केलं होतं, चहा अर्धाच राहिला.

मुरूम_खडी:
साईटवरचा माणूस आहे म्हणून सांगतो. तुमची भेग भूकंपाची नाहीच हे तुम्हाला पण माहीतय. धक्क्यानं तडा गेला असता तर सगळ्याच दारं-खिडक्यांच्या कोपऱ्यांना थोडाथोडा दिसला असता, एका कोपऱ्यात नाही. काळी माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात आक्रसते, पाया तिच्यात राहिला की तो कोपरा दरवर्षी वर-खाली होतो, म्हणून भेग मे मध्ये उघडते अन् पावसाळ्यात मिटते, लांबी भरून काय उपयोग, वर्षात सुटते. शेजारी झाड होतं का? कडुनिंब बिंब?

चाटीगल्लीवाला:
होता. कडुनिंबच. भिंतीपासनं पाच फुटावर, मीच लावला सावलीला.

मुरूम_खडी:
मग झालं. मुळं तिथलंच पाणी ओढतात, माती अजून आक्रसते. पण लोड बेअरिंगचं, म्हणजे सगळा भार भिंतींवर असलेलं, बैठं घर आहे, एका भेगेनं पडत नाही, घाबरू नका.

सातरस्ता_८०:
जावा की हो, एवढं काय विचार करलालाव. आमच्या पहिल्या घराच्या जागेवर आता मंगल कार्यालयाचं पार्किंग झालंय, तुमचं निदान उभं तरी असेल.

चाटीगल्लीवाला:
जाऊन आलो. उशिरा लिहितोय, माफ करा.

घर आहे. वर एक मजला चढलाय, पुढं ग्रिल, रंग पिवळा. दार उघडलं ते त्यांच्या सूनबाईंनी, सासरे आत टीव्ही बघत होते, बाहेर आले अन् मला लगेच ओळखलं. कडुनिंब नाही. ओटा मात्र आहे! मोडला नाही, सूनबाई उंच म्हणून कडाप्प्यावर विटेचा थर देऊन वर ग्रॅनाईट टाकलंय. ही वाकली अन् खालनं हात घालून जुना कडाप्पा चाचपून आली, बाहेर आली तेव्हा बोटांना जळमटं, पदराला पुसत होती अन् काही बोलत नव्हती.

आता ऐका. चहा घेताना ते गृहस्थ मला हाताला धरून कोपऱ्यात घेऊन गेले. म्हणाले बघा, तुमच्या वेळची भेग अजून आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो, किल्लारीच्या भूकंपात पण आमचं घर उभं राहिलं म्हणून! भेगेच्या दोन्ही बाजूला व्यवस्थित रंग, भेग तेवढी उघडी ठेवलेली. मी हिच्याकडं बघितलं तर ही बशीतल्या चहाकडं बघून हसू दाबत होती. म्हणजे हिला पहिल्यापासनं माहीत होतं, तीसेक वर्षं.

शेवटी मी म्हणालोच, अहो तो भूकंप नव्हे, पाया मी कमी खणला. नेमकं तेवढ्यात नळाला पाणी आलं. चार दिवसांनी आलेलं, मग काय, मोटार लावा, पाईप टाका, घरभर पळापळ. माझं बोलणं त्यांना ऐकू गेलं की मोटारीच्या आवाजात गेलं कळलं नाही, ते नुसते हो हो म्हणत अंगणात धावले. हौदाचं झाकण काही केल्या निघेना, मुलगा पहार आणायला निघाला. ही म्हणाली थांबा, डाव्या कोपऱ्यावर पाय देऊन मग उजवीकडनं उचला. निघालं.