पहिलीतल्या मुलासाठी कर्बीज ड्रीम लँड फारच सोपा आहे का?

निशा_६ : नमस्कार मंडळी, माझा मुलगा ६ वर्षांचा आहे, पहिलीत. भावाने बाहेरून येताना स्विच (निन्टेन्डोचा गेम कन्सोल) आणला, त्यावर ऑनलाइनवाले जुने गेमबॉयचे (निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं जुनं यंत्र) गेम आहेत, त्यातला कर्बीज ड्रीम लँड रविवारी लावून दिला. आधी मारिओ दिला होता पण पहिल्याच खड्ड्यात चार-पाच वेळा पडला की कंट्रोलर माझ्या मांडीवर टाकून निघून जायचा. कर्बीला मात्र एकटा बसला, वरचं बटण दाबलं की कर्बी, म्हणजे गेममधला गोलमटोल हिरो, फुगून उडायला लागतो, त्यामुळे खड्डा आला की हा फुगवतो आणि आरामात पलीकडे. मधे कर्बी करी खातो आणि तोंडातून जाळ काढतो तिथे तर "आई त्याला तिखट लागलं" म्हणून ओरडत होता. जेवणाच्या आत चार लेव्हल झाल्या, आता शेवटच्या हातोडावाल्या राजापाशी अडलाय. मिस्टरांचं म्हणणं, एवढ्याशा वेळात संपणारा सोपा गेम काय कामाचा, अवघड दे म्हणजे शिकेल. मला नाही पटत, पण मी स्वतः कधी गेम खेळले नाही म्हणून तुम्हाला विचारते. आणि त्या राजाला मारायचं कसं?

पिवळी_कॅसेट : ताई, सोपा आहे तो मुद्दामच केलेला आहे. १९९२ चा गेम, हॅल लॅबोरेटरीने बनवला आणि निन्टेन्डोने काढला, डिझायनर मासाहिरो साकुराई, तेव्हा विशीतला पोरगा. ज्याने कधी गेम हातात धरला नाही त्यालाही शेवटपर्यंत पोचता आलं पाहिजे हाच विचार होता. कर्बी तर आधी नुसता एक गोळा होता, खरं पात्र तयार होईपर्यंत काम चालावं म्हणून ठेवलेला, मग तोच सगळ्यांना आवडला आणि राहिला. आमच्याकडे टीव्हीला लावायचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम होता, मारिओ दादाच खेळायचा, माझी पाळी आली की दोन मिनिटांत आउट आणि मग तासभर नुसतं बघत बसायचं, शेवट कसा असतो ते मी आठवीत गेल्यावर पाहिलं. सहाव्या वर्षी पोरगं स्वतःच्या हाताने गेम संपवतंय ही फार मोठी गोष्ट आहे हो, मिस्टरांना माझ्यातर्फे सांगा.

गोट्या_कोथरूड : राजाचं सांगतो, त्याचं नाव डेडेडे. तो उडी मारून आपटला किंवा हातोडा हाणला की बाजूला चांदणी उडते, बी बटण धरून ती तोंडात ओढायची आणि परत बी बटण दाबून त्याच्याच अंगावर थुंकायची. लहान मुलं हमखास एक चूक करतात, घाईत खालचं बटण दाबतात आणि चांदणी गिळून बसतात, गिळली की गेली, मग पुढच्या चांदणीची वाट बघा. पहिल्या लेव्हलच्या झाडाला सफरचंदं ओढून मारली असतील ना त्याने, अगदी तेच आहे. स्विचवर झेडएल आणि झेडआर ही दोन्ही बटणं धरली की गेम थोडा मागे नेता येतो पण या फाइटला ते दाखवू नका प्लीज, इथे त्याचं त्यालाच जमू दे.

मीरेचा_बाबा : मला थोडं तुमच्या मिस्टरांचंही पटतं. आमची मुलगी तिसरीत आहे, तिने पाचही लेव्हल एका संध्याकाळी संपवल्या आणि दुसऱ्या दिवशी हातच लावला नाही. पण गेम संपल्यावर एक्स्ट्रा मोडचा कोड दाखवतात तो आम्ही पहिल्यांदा बघितलाच नव्हता, टायटल स्क्रीनवर वरचं बटण, सिलेक्ट आणि ए एकदम दाबायचं, स्विचवर सिलेक्ट म्हणजे मायनसचं बटण. जागा त्याच, पण शत्रू बदललेले आणि चांगलेच त्रास देणारे, तिथे मी स्वतः तिसऱ्या लेव्हलला अडकलो. त्यानंतर १९९३ चा कर्बीज अ‍ॅडव्हेंचर द्या, त्यात गिळलेल्या शत्रूची पॉवर मिळते, या पहिल्या गेममध्ये ते नाहीये, आणि तो बराच मोठा आहे. मारिओची घाई नको, त्यात उडी मोजून मारावी लागते, ती सवय हळूहळू होते.

निशा_६ : सगळ्यांचे मनापासून आभार!! गोट्या, तुम्ही म्हणालात तसंच होत होतं, तो चांदणी गिळतच होता. काल शाळेतून आल्यावर समजावून सांगितलं, तीन वेळा हरला पण या वेळी कंट्रोलर सोडला नाही, जीभ बाहेर काढून खेळत होता आणि चौथ्या वेळी राजा पडला. मग कर्बी फुग्यासारखा मोठा होऊन अख्खा महाल उचलतो ते बघताना एकदम गप्प झाला, संपल्यावर परत दाखव म्हणाला. रात्री एक्स्ट्रा मोड लावून कंट्रोलर बाबांच्या हातात दिला आणि शेजारी बसून सांगत होता, "बाबा गिळू नको ना, थुंक, थुंक!"