बोअरचं पाणी गरम येतंय. खाली ज्वालामुखीची उष्णता आहे का? सोमवारच्या आत उत्तर हवंय

मुळशीची_वाट (शुक्रवार, रात्री ९:४०)
नमस्कार. घाई आहे, म्हणून थेट मुद्द्यावर. आमच्या प्लॉटवर नवीन बोअर मारलंय. पाणी भरपूर लागलं, पण गरम येतंय. चक्क वाफा निघतात. बोअरवाल्याने आप्पांना सांगितलं की खाली भाजलेली लाल माती लागली, म्हणजे त्याच्याही खाली भट्टी पेटलेली असणार, हा सगळा डोंगरच ज्वालामुखीचा आहे. तेव्हापासून आप्पांनी बांधकाम थांबवलंय. सोमवारी पायाचं खोदकाम सुरू होणार होतं, जेसीबीवाल्याला आगाऊ पैसे दिलेत.
मला एवढंच हवंय: पुण्याच्या आसपास जमिनीखाली ज्वालामुखीची उष्णता शिल्लक आहे की नाही? आणि तिने घराला, माणसांना काही होऊ शकतं का? इंटरनेटवर शोधलं तर सगळीकडे डायनासोर येतात, घराचं कोणीच लिहीत नाही.

नदीकाठचा (९:५२)
बोअर किती फूट? गाव कुठलं? आणि "गरम" म्हणजे किती, काही मोजलंत का?

पंपवाला_भोर (१०:०५)
दादा, आधी मोटर बघा. माझी २२ वर्षं याच धंद्यात गेली. बोअरला येणाऱ्या पाण्यापेक्षा मोटर मोठी बसवली की पाणी झपाट्याने खाली जातं, मोटर उघडी पडते, तापते आणि तेच तापलेलं पाणी वर येतं. किती एचपीची आहे? ५ ची असेल तर काढा आणि ३ ची बसवा. ज्वालामुखी वगैरे काही नाही.

गंधककुंड (१०:१८)
गरम पाणी लागलं हे भाग्य समजा. माझ्या आईचे गुडघे वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांनी बरे केले, दरवर्षी जायचो. पाण्याला गंधकाचा वास येतो का बघा. येत असेल तर छोटं कुंड बांधून घ्या, घरातल्या वडीलधाऱ्यांना फार उपयोग होतो.

कातळवेडी (१०:४१)
मी भूशास्त्र शिकलेय, आणि वेताळ टेकडीवर रोज फिरते, त्यामुळे हा दगड माझ्या पायाखालचा आहे.
खडक ज्वालामुखीचा, हे शंभर टक्के खरं. पाताळेश्वर ज्यात कोरलंय तो, सिंहगडाचे कडे, पर्वती, सगळा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. पण तो वाहिला साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी. एकावर एक थर साचत गेले, आज त्यांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर व्यापलंय आणि सह्याद्रीत त्यांची जाडी २ किलोमीटरच्या आसपास जाते. ती उष्णता कधीच निघून गेली. हवाईमध्ये किलाउएआ इकी नावाच्या खळग्यात १९५९ साली लाव्ह्याचं तळं साचलं, शंभर मीटरहून खोल. ते पूर्ण थिजायला सुमारे ३५ वर्षं लागली. आपल्याकडचा सगळा ढीग धरला तरी त्याला थंड व्हायला काही लाख वर्षं पुरतात. हाती होती कोट्यवधी.
लाल मातीबद्दल: दोन लाव्हाथरांच्या मधल्या काळात वरचा खडक कुजून माती झाली, तिच्यावर पुढचा लाव्हा आला आणि तिला भाजून गेला. ताम्हिणीच्या रस्त्याला डोंगर कापलेत तिथे असे लाल पट्टे उघडे दिसतात. बोअरवाल्याचं "भाजलेली" बरोबर, "पेटलेली" चूक.
आता वर विचारलेलं सांगा: खोली, गाव, तापमान. आणि पाणी दिवसाच्या कोणत्या वेळी गरम लागतं?

शनिवारातला (११:०३)
इतकं ठामपणे "उष्णता संपली" म्हणू नका. पृथ्वीच्या पोटातून सतत ४७ लाख कोटी वॅट उष्णता बाहेर पडते. समुद्राच्या तळाशी किती ज्वालामुखी आहेत ते विचारात घ्या. माझं स्पष्ट मत आहे की हे जे तापमान वाढतंय, पुण्यात एप्रिलमध्ये जो जीव जातो, त्यामागे ही उष्णता आहे. सगळं माणसावर ढकललं जातंय.

कातळवेडी (११:२०)
४७ लाख कोटी हा आकडा बरोबर आहे. पण तो पृथ्वीच्या पूर्ण पृष्ठभागावर पसरवा, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम ०.०९ वॅट येतात. सूर्याची शोषली जाणारी उष्णता सरासरी २४० वॅट. त्या ०.०९ ने एप्रिल तापत नाही. शिवाय ही पोटातली उष्णता शतकभरात वाढलेली नाही. निम्म्याच्या आसपास युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गातून येते, उरलेली पृथ्वी घडतानाची.
ज्वालामुखी हवामान बदलतात ते वायूंमुळे, आणि बहुतेक वेळा गार करतात. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपीन्समधल्या पिनाटुबोने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला. त्याचे बारीक थेंब होऊन स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, पसरले, ऊन अडलं आणि जगाचं तापमान सुमारे अर्धा अंश उतरलं. दोन-तीन वर्षांत थेंब खाली आले, परिणाम संपला.

शनिवारातला (११:३१)
आणि कार्बन डायऑक्साइड? तो ज्वालामुखी सोडत नाहीत का?

कातळवेडी (११:३८)
सोडतात. सगळे मिळून वर्षाला माणसाच्या १ टक्काही भरत नाही. दख्खनचे लाव्हा वाहत होते तेव्हा गोष्ट वेगळी, तो उद्रेक लाखो वर्षं चालला आणि त्या वायूंनी हवामान खरंच हलवलं. डायनासोर त्याने मेले की मेक्सिकोत आदळलेल्या अशनीने, हा वाद त्यातूनच आलाय.

मुळशीची_वाट (११:५०)
माझ्या प्रश्नाचं काय? आणि मी दादा नाही, ताई आहे.
पौडच्या अलीकडे, गावाचं नाव इथे देत नाही. बोअर ५१० फूट. मोटर ३ एचपी. तापमान हाताने बघितलं, अंघोळीला चालेल इतकं कोमट. पहाटे सहाला टाकी भरतो तेव्हा वाफा दिसतात. दुपारी कधी बघितलं नाही. वास काही नाही.

नदीकाठचा (११:५८)
ताई, जानेवारीत पहाटे सहाला मुळशीत थंडी किती असते! १० अंश हवेत साध्या विहिरीच्या पाण्यावरही वाफ दिसते. हे आधी सांगायला हवं होतं. थर्मामीटर लावा.

पंपवाला_भोर (शनिवार, सकाळी ७:१०)
माफ करा ताई. ३ एचपी असली तरी माझा मुद्दा कायम आहे. कातळवेडी ताईंचं पुस्तकातलं असेल, मी प्रत्यक्ष हाताने मोटरी वर काढल्यात.

कातळवेडी (७:३५)
पंपवाले दादा, तुमची शंका रास्त आहे, आणि ती तपासता येते. मोटर चालू केल्यावर पहिल्या मिनिटाला, दहाव्या मिनिटाला आणि चाळिसाव्या मिनिटाला पाणी मोजायचं. मोटर तापत असेल तर आकडा चढत राहील. जमिनीची उष्णता असेल तर थोडा चढून थांबेल. पाणी पाइपाच्या तोंडाशीच घ्या, टाकीतलं नको. काळी टाकी आणि काळा पाइप उन्हात किती तापतो हे सगळ्यांना माहीत आहे.

कोयनाकाठ (८:०२)
माझं वय ७१. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट मला आठवते, आम्ही पाटणला होतो. फडताळातली भांडी अंगावर आली, भिंत फाटली. म्हणून आप्पांची भीती मला समजते. त्यांना कोणी हसू नये. आम्हालाही तेव्हा लोक सांगत होते की खाली लाव्हा उसळतोय.

कातळवेडी (८:२५)
काका, आप्पांना कोणीच हसत नाहीये. तुमच्या कोयनेचंच उदाहरण त्यांना पटेल. त्या भूकंपाचा संबंध धरणाच्या जलाशयाशी आणि खालच्या भेगांशी जोडला जातो, लाव्ह्याशी नाही. पुढे शास्त्रज्ञांनी तिथे ३ किलोमीटर खोल बोअर घेतलं. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट संपला आणि खाली ग्रॅनाइट लागला. घट्ट, जुना खडक. भट्टी कुठेच नाही. ताईंचं बोअर दीडशे मीटर आहे.

गंधककुंड (८:४०)
मग कोकणातली उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे झरे, कशी तापतात? उन्हवऱ्याला, तुरळला, राजवाडीला मी स्वतः गेलोय. उन्हवऱ्याच्या पाण्यात हात धरवत नाही. खाली काही नसेल तर हे कुठून?

कातळवेडी (८:५८)
चांगला प्रश्न, हा आप्पाही विचारतील. जमिनीत खाली जावं तसं तापमान वाढतं, साधारण किलोमीटरला २५ ते ३० अंश, सगळीकडे, ज्वालामुखी असो वा नसो. कोकणात खोल भेगा आहेत. पावसाचं पाणी त्यातून एक-दोन किलोमीटर खाली जातं, तापतं आणि दुसऱ्या भेगेतून थंड व्हायच्या आत वर येतं. लाव्हा लागत नाही.
हेच गणित ताईंच्या बोअरला लावा. पुण्याचं वर्षाचं सरासरी तापमान २५ च्या आसपास, उथळ भूजल त्याच्याच जवळ असतं. दीडशे मीटरला आणखी चारेक अंश. माझा अंदाज २९.

वाघोलीचा_खडा (९:१५)
बोअरच्या चुऱ्यात पांढरे किंवा निळे चमकणारे स्फटिक आले का? वाघोलीच्या खाणींत निळं कॅव्हनसाइट मिळतं, जगभरचे संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. थिजलेल्या लाव्ह्याच्या पोकळ्यांमधून गरम पाणी झिरपलं तेव्हा हे खडे जमले. चुरा फेकू नका.

सातबारा_सल्ला (९:२२)
बोअरची परवानगी घेतली होती का? प्लॉट एनए आहे का? हे कागद आधी नीट करा, बाकी सगळं नंतर.

मुळशीची_वाट (९:३०)
कागद झालेले आहेत. चुरा पावसाळी चरात गेला. तापाचं थर्मामीटर लावलं तर ते नुसतं "लो" दाखवतंय.

नदीकाठचा (९:३४)
ताई, हेच अर्धं उत्तर आहे. ते थर्मामीटर ३२ च्या खाली आकडा दाखवत नाही. म्हणजे पाणी तुमच्या अंगापेक्षा गार आहे, गरम नाही. माशांच्या टाकीत लावतात तसलं काचेचं मिळवा.

जुन्नरी (१०:१०)
विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, कारण आप्पांच्या प्रश्नातला "माणसांना काय होतं" हा भाग सगळ्यांनी सोडून दिलाय. आमच्या तालुक्यात बोरीला कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती राख इथली नाही, इंडोनेशियातल्या तोबाची मानतात, कोणत्या उद्रेकाची यावर संशोधकांत मतभेद आहेत. हजारो किलोमीटरवरून उडून आलेली राख! त्याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारं सापडलीत. मी तो थर हातात घेऊन बघितलाय, पिठासारखा लागतो.
तेव्हा माणसाला धोका पायाखालच्या उष्णतेपेक्षा लांबच्या धुराचा जास्त. १७८३ मध्ये आइसलँडला लाकीची भेग आठ महिने ओकत होती. गवतावर फ्लोरिन बसलं, गुरं मेली आणि दुष्काळात देशाची पाचवा हिस्सा माणसं गेली. १८१५ च्या एप्रिलमध्ये तांबोरा फुटला, तर १८१६ ला युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं शेतात सडली. आपल्याला याची झळ पावसातून बसू शकते. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मोठे उद्रेक, एल निनो आणि मान्सून यांचं नातं तपासलंय.

शनिवारातला (१०:३२)
मग २०२२ च्या टोंगाच्या उद्रेकाने गार झालं का? नाही ना?

कातळवेडी (१०:५०)
तो समुद्राखाली फुटला, म्हणून सल्फर कमी आणि पाण्याची वाफ प्रचंड वर गेली. स्थितांबरातली वाफ एकट्याने दहाएक टक्क्यांनी वाढवली. तो अपवाद आहे आणि तुम्ही तो काढलात हे बरं केलंत. पण कालचा मुद्दा तिथेच आहे, हाही परिणाम वायूचा, उष्णतेचा नाही.

शनिवारातला (११:०५)
०.०९ चं गणित मी स्वतः करून बघितलं. आकडा बरोबर येतो. समुद्रतळाच्या ज्वालामुखींबद्दल अजून वाचणार आहे.

मुळशीची_वाट (रविवार, सकाळी ८:१५)
भाच्याच्या माशांच्या टाकीतलं थर्मामीटर आणलं. आज पहाटे आप्पांना सोबत घेऊन गेले. बाहेर हवा ११. पहिल्या मिनिटाला पाइपातलं पाणी २२. दहाव्या मिनिटाला २९. चाळिसाव्या मिनिटाला २९. आकडे आप्पांनी स्वतः वाचले, चष्मा पुसून दोनदा.
मग त्यांना कोयनेच्या बोअरचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "सव्वा किलोमीटर दगड आणि खाली परत दगडच? मग पाया मजबूत आहे." जेसीबीवाल्याला त्यांनीच फोन लावला. कातळवेडी ताई, २९ तुम्ही आधीच लिहिलं होतं, आप्पांना ते दाखवलं. त्यांनी विचारलंय की ताम्हिणीला लाल पट्टे नेमके कुठे दिसतील, त्यांना बघायचेत.

कातळवेडी (८:४०)
पौडकडून निघालात की मुळशीचं पाणी मागे टाकल्यावर घाटात डाव्या-उजव्या कापांवर लक्ष ठेवा, विटेच्या रंगाची आडवी रेघ दिसेल. गाडी मोकळ्या जागीच थांबवा, कडा सुटलेल्या असतात. एका रविवारी मीही येऊ शकते, आप्पांना थर हाताने दाखवते.

पंपवाला_भोर (९:०५)
२९ ला थांबला म्हणजे मोटर ठीक आहे, मान्य. पण उन्हाळ्यात मे महिन्यात हेच तीन आकडे परत घ्या ताई. पाणी खाली गेलं तर मोटर उघडी पडेल, तेव्हा मला कळवा.