प्रतिसाद: विद्यापीठं फक्त रासायनिकच शिकवतात?

मूळ लेखात म्हटलंय की कृषी विद्यापीठं रासायनिक शेतीच शिकवतात, त्यांना सेंद्रिय शेतीशी देणंघेणं नाही. इतकंही नाही हो! परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स (उपयुक्त सूक्ष्मजीवांचं मिश्रण) हळद-आल्याच्या कंदकुजीसाठी आमच्याकडे सर्रास वापरतात. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयुक्त बुरशी, तीही मिळते. फक्त पाकिटावरची तारीख बघून घ्या, चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत झाकून ठेवा आणि मगच शेतात टाका. त्यासोबत रासायनिक बुरशीनाशक दिलंत तर ही उपयुक्त बुरशीही मरते, पैसे पाण्यात! (दुकानदार मात्र दोन्ही एकदमच गळ्यात मारतो.)

खरी अडचण पुढे आहे. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकांना साधारण दोन, फळबागेला तीन वर्षं रूपांतराचा (रासायनिक सोडून सेंद्रियाकडे वळण्याचा) काळ. तोवर उत्पादन घटतं आणि भाव साधाच. त्या काळात विद्यापीठानं बांधावर यायला हवं.