मदत हवी आहे: भिंतीच्या फोटोतला उजेड सारखा करायचाय, पण काजळी जाऊ द्यायची नाहीये

नमस्कार मंडळी, ग्वाल्हेरहून लिहितेय. लश्करात जनकगंजच्या बाजूला आमच्या आजोळचा वाडा आहे, तो दिवाळीनंतर पाडणारेत, मागचं माजघर तर गेलंच. म्हणून मी ब्लेंडरमध्ये (3D मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) त्याचं मॉडेल करतेय. मामानी आणि मी टेप लावून मापं घेतली, दगडी पटियांचं छत, ओसरी, जिना सगळं उभं राहिलंय, अडलंय ते भिंतींच्या टेक्स्चरवर, म्हणजे मॉडेलच्या भिंतींवर चढवायच्या फोटोंवर.

देवघराची भिंत घ्या. चुन्याची आहे, डावीकडे खिडकी, त्यामुळे डावी बाजू पांढरीफटक आणि उजवी मातकट, खालचा हातभर भाग लाल फरशीमुळे नारिंगी. शिवाय मोबाइलचा व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवर राहिला, त्यामुळे एकाच भिंतीचे पाच फोटो पाच रंगांचे आलेत. हा तुकडा मॉडेलमध्ये शेजारी शेजारी लावला की उजेड-अंधाराचे उभे पट्टे दिसतात, सतरंजीवर असतात तसे.

गिम्पमध्ये (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) काय केलं ते सांगते. लेयरची कॉपी घेतली, तिला 300 पिक्सेलचा गॉशियन ब्लर देऊन धूसर केलं (फोटो 4000 × 3000 चा आहे), मोड ग्रेन एक्स्ट्रॅक्ट केला म्हणजे मूळ फोटोतून ती धूसर कॉपी वजा झाली, मग भिंतीचा सरासरी रंग ग्रेन मर्ज मोडनी परत चढवला. पट्टे गेले. ऑफसेटनी फोटो अर्धा सरकवून मधली शिवण क्लोननी मिटवली, तेही जमलं.

पण दिवळीवरची काजळी गेली! दिवळी वीतभर उंच आहे, तिच्या कमानीवरून काजळी वर निमुळती होत गेलीय, आणि कडेला कुणाच्यातरी बोटाचा कुंकवाचा ठसा आहे. आजी तिथेच रोज तिन्हीसांजेला दिवा लावायची. ठसा बारीक म्हणून तो राहिला, काजळी मात्र राखाडी होऊन भिंतीत विरली. ब्लर 800 केला तर काजळी राहते पण खिडकीचा उजेडही राहतो. मला भिंत नवी करायची नाहीये हो, फक्त त्या दिवशीचं ऊन काढायचंय. कसं करू?

प्रतिसाद १

ताई, मी इंदूरला दुकानांसाठी दागिन्यांचे फोटो काढतो, उजेडाचा हाच त्रास आम्हाला रोजचा. ब्लरला कळत नाही की कुठला काळेपणा सावलीचा आणि कुठला काजळीचा, दोन्ही मोठे आणि हळूहळू बदलणारे, म्हणून तो दोन्ही पुसतो. उजेड वेगळा मोजावा लागेल.

वाडा अजून उभा आहे तर परत जा. मोबाइल ट्रायपॉडवर लावा, प्रो मोडमध्ये आयएसओ, शटर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. भिंतीचा फोटो घ्या, मग लगेच त्याच भिंतीवर पांढरी सुती चादर ताणून दुसरा घ्या. नीळ घातलेली चादर नको, भिंत पिवळसर येईल. चादर सगळीकडे सारखी पांढरी असते, म्हणजे तिच्यावर जे कमीजास्त दिसेल तो नुसता उजेड. चादरीच्या फोटोला ब्लर द्या म्हणजे सुरकुत्या जातील, तो लेयर वर ठेवा आणि मोड डिव्हाइड करा, म्हणजे भिंतीच्या फोटोला त्या उजेडाने भागलं जाईल. फरशीचा नारिंगीपणाही त्यातच निघेल कारण तो चादरीवरही पडलेला असतो. काम 16 बिटमध्ये करा, नाहीतर रंगाचे टप्पे पडतात. आणि ढगाळ दिवस बघा, चुन्याच्या पोपड्यांच्या बारीक सावल्या चादरीने जात नाहीत.

धागाकर्ती

दादा, काल आभाळ भरून आलं होतं म्हणून लगेच गेले. मामा आणि मामेभाऊ दोन्हीकडून चादर धरून उभे, मी फोटो घेतले. डिव्हाइड केल्याबरोबर खिडकीकडची बाजू आणि कोपरा एकाच रंगाचे झाले आणि काजळी जशीच्या तशी! मामा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

दोन गोष्टी उरल्यात. अंधाऱ्या उजव्या कोपऱ्यात दाणे (फोटोतला नॉइज) खूप दिसतायत. आणि पाडलेल्या माजघराचे माझ्याकडे फक्त जुने फोटो आहेत, तिथे चादर कुठे लावणार?

प्रतिसाद २

दाणे डिव्हाइडमुळे उठून दिसतात, कारण अंधारातला भाग तो जास्त उजळ करतो. ट्रायपॉड न हलवता तेच 9 फोटो काढा आणि एकावर एक ठेवून सरासरी घ्या, दाणे साधारण तिपटीने कमी होतील. चादरीचा एकच पुरे, त्याला ब्लर असतोच.

माजघरासाठी चुन्यालाच चादर समजा. जिथे डाग, ओल, धूर काहीच नाही अशा 15-20 जागा शोधा, कोपरे आणि कडा सोडू नका. प्रत्येक जागेचा रंग ड्रॉपरने उचलून नव्या लेयरवर त्याच जागी मोठा गोल ठिपका द्या, मधल्या रिकाम्या जागा जवळच्या ठिपक्याच्या रंगाने भरा, मग सगळ्याला भरपूर ब्लर आणि वरून डिव्हाइड. डागांवर ठिपका पडू देऊ नका म्हणजे डाग टिकतील. ओलीच्या बाजूला जपून, तिथे कोरडा दिसणारा चुनाही थोडा गडद असतो.