थंडीत चालू न होणाऱ्या गाड्या : या, अनुभव लिहा

पारिजात_कोथरूड
सकाळी पार्किंगमधून कोणाच्या तरी गाडीचा रडका आवाज आला. खिर्र… खिर्र… खिर्रर्र… आणि गप्प. एकदम बाबांची फियाट आठवली. डिसेंबर उजाडला की रोजचा कार्यक्रम. चोक ओढायचा (म्हणजे इंजिनात हवा कमी, पेट्रोल जास्त), सेल्फ मारायचा, बॉनेट उघडायचं, प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे. तेवढ्यात आई खिडकीतून विचारणार, "रिक्षा बघू का?" त्या प्रश्नाने बाबा जेवढे तापायचे तेवढं इंजिन तापलं असतं तर! टेकडीच्या पायथ्याशी राहायचो, म्हणून उतार तरी होता. शेजारची पोरं धक्का द्यायची, गाडी सेकंडमध्ये, क्लच सोडला की भुर्र.
तुमचेही लिहा. उपायही चालतील, आमची सध्याची गाडीपण सकाळी कुरकुरतेय.

भोचक_काका
चोक जास्त ओढला की ओव्हरफ्लो, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन प्लग ओले! पेट्रोलचा वास आला की थांबायचं. चोक आत, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ. हवा जास्त जाते, ओले प्लग सुकतात. नातवाला चोक समजावत होतो तर म्हणतो, "बेसिन चोकअप होतं तसं का आजोबा?" जवळपास तसंच की!

शेंगदाणा_चटणी
स्कूटर कोणीच कशी लिहिली नाही?? ऑफिसची साडी नेसून, डबा हँडलला अडकवून, स्कूटर बाजूला कलती करायची. पेट्रोल कार्ब्युरेटरात उतरतं म्हणे. मग किक. किक उलटी बसली की नडगीवर जी सणक जायची ना! पुढचं नंतर लिहिते, कुकर झाला.

कुडकुड
पुण्यात थंडी?? आम्ही दिल्लीत राहिलेली माणसं. हलके घ्या.

पेठेतला_एक
१७ जानेवारी १९३५, पुणे, किमान तापमान १.७ अंश. पुणेकरांना थंडी शिकवू नये. इथे सारसबागेतला गणपतीसुद्धा हिवाळ्यात स्वेटर घालतो, गाडीचं काय घेऊन बसलात.

कुडकुड
सपशेल शरणागती. पण बाप्पाला सेल्फ मारावा लागत नाही!

सुभेदार_निवृत्त
लेहला होतो. तिथे डिझेलमधलं मेण गोठतं, फिल्टर तुंबतो, मग कितीही सेल्फ मारा. आम्ही रात्री मधूनमधून उठून इंजिन चालू करायचो. आता २०१९ पासून इंडियन ऑइलचं हिवाळी डिझेल मिळतं, उणे ३३ पर्यंत गोठत नाही. पुण्याच्या दहा अंशांत डिझेलला काही होत नाही. इथे डिझेल गाडी अडली तर हीटर प्लग (चालू करण्याआधी इंजिन आतून तापवणारे) बघा. आणि चावी फिरवल्यावर स्प्रिंगच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबा. हल्लीच्या पोरांना तेवढाही धीर नाही.

मी_अनु_नाही
+१ काका. आमच्याकडे तो दिवा लागला की नवरा म्हणतो, गाडी ध्यान करतेय.

स्पॅनर_पाना
@पारिजात, आवाज कसा येतो ते आधी सांगा. नुसतं टक-टक, की सेल्फ मरतुकडा फिरतो, की जोरात फिरतो पण गाडी पकडत नाही? तिसरं असेल तर पेट्रोल किंवा स्पार्कचं बघायचं. पहिली दोन असतील तर बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग (बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला-इंजिनला जोडणारी पट्टी), सेल्फच्या मोटारीतले कार्बन ब्रश, ह्या क्रमाने.
लोक थंडीला शिव्या देतात. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो आणि ऑइल घट्ट होतं, हे खरं, पण धडधाकट बॅटरी पुण्याच्या थंडीला भीक घालत नाही. आपल्याकडे बॅटरी मरते एप्रिल-मेच्या उन्हात, तिरडी उठते डिसेंबरात.
रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला मीटर लावा. १२.६ च्या आसपास व्होल्ट म्हणजे फुल्ल, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना १० च्या बरंच खाली आपटली तर बॅटरी गेली समजा. व्होल्ट चांगले आणि सेल्फ तरी मरतुकडा, तर नवी बॅटरी लगेच घेऊ नका. जंप केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारा. टणाटण फिरला तर दुखणं अर्थिंगच्या पट्टीत.

खडकवासलेकर
सीएनजीवाल्यांनो, बहुतेक गाड्या सकाळी पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जातात. आणि आपण टाकीत पेट्रोल ठेवतो तळाला चमचाभर, तेही दिवाळीच्या आधीचं. माझा टाकीतला पेट्रोलचा पंप त्यातच गेला. चावी ऑन केल्यावर मागून पंपाचा बारीक घूंऽ आवाज येतो तो ऐका, मग सेल्फ.

शेंगदाणा_चटणी
आले परत. काय सांगत होते? हं, नडगी. जाऊ दे. खडकवासलेकर, तुमच्याकडे हुरडा सुरू झाला का?

ऑटोमॅटिकवाली
माझ्या गाडीला सोसायटीतले समस्त काका धक्का मारायला जमले होते. ऑटोमॅटिक धक्क्याने चालू होत नाही हे सांगून सांगून घसा बसला. "आधी मारून तर बघू." मारला. गाडी गेटपर्यंत गेली, तशीच बंद. मग ती परत आणायला कोणी नाही.

भोचक_काका
गेटपर्यंत तरी नेली ना!

पारिजात_कोथरूड
@स्पॅनर_पाना, आवाज दुसरा होता, मरतुकडा. व्होल्ट १२.५. बॅटरीवाला तर नवीन घेऊनच उभा होता. त्याला थांबवून केबल लावायला सांगितली आणि सेल्फ असा फिरला की मीच दचकले! अर्थिंगची पट्टी बॉडीला जिथे जोडतात तिथे बोल्टखाली सगळा गंज. नवऱ्याने घासून पुन्हा आवळली. पॉझिटिव्ह टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड होती, त्यावर गरम पाण्यात खायचा सोडा घालून ओतलं, कसलं फसफसलं! बाबा असते तर पॉलिश पेपर घेऊन धावले असते.

स्पॅनर_पाना
झकास. सुकवून वर पेट्रोलियम जेली लावा. आणि काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणग्या उडत नाहीत.

मी_अनु_नाही
खायचा सोडा किती घेतलात ताई? आमच्याकडे ढोकळ्यापुरताच उरलाय.

खडकवासलेकर
@शेंगदाणा, हुरडा अजून कोवळा आहे. आठवडाभर थांबा. आणि चटणी तुमची.